आखूड रेघ

माझ्या धाकट्या बहिणीचं शिक्षण मी एका रेघेने संपवलं.

मध्यभारताच्या काळातली गोष्ट. आम्ही इंदूरला राहत होतो. नानांनी, म्हणजे वडिलांनी, जाहीर केलं होतं, "कुसुम मॅट्रिक झाली तर कॉलेज, नाहीतर देवासचं स्थळ." कुसुमचं गणित कच्चं आहे, असं घरात ठरलं होतं. (कुणी ठरवलं? मीच!) मी इंटरला, म्हणजे घरातला गणितज्ञ. वर्गसमीकरणं शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी स्वतः अवयव पाडून मॅट्रिक सुटलो होतो, सूत्राशी माझी तोंडओळखसुद्धा नव्हती, हे कुणाला सांगायची मला गरज वाटली नाही.

सूत्र पाठ व्हावं म्हणून मी ते आरतीच्या चालीवर बसवलं. आठवड्याभरात आई पोळ्या लाटताना "वजा बी, अधिक-वजा वर्गमूळ" म्हणू लागली. शेजारचे तिवारीजी खिडकीतून विचारत, "भिया, ये कौन-से भगवान की है?"

देव कुठलाही असो, तो पावला नाही. पहिल्याच उदाहरणाला कुसुम अडली. एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा.

"दादा, दोन आणि तीन तर नुसतं बघून दिसतंय. तुझ्या सूत्राने साडेपाच आणि साडेचार कुठून आले?"

"बघून सांगणं म्हणजे गणित नव्हे!"

"पण ताळा जमत नाही रे."

"ताळा? भावावर अविश्वास? माझी शपथ आहे तुला, पेपरात हेच सूत्र लिहायचं!"

परीक्षेच्या दिवशी सकाळी नाना आम्हा दोघांना टांग्याने खजरान्याच्या गणपतीला घेऊन गेले. परतताना मी ऐटीत तिचं पुस्तक उघडलं, आणि टांग्यात बसल्या बसल्या सूत्राच्या पानावर थबकलो. भागाकाराची रेघ 'वजा बी'च्या खालूनही गेली होती! माझ्या वहीत ती फक्त वर्गमुळाखाली होती. सगळ्याला दोन ए ने भागायचं. मी अर्ध्यालाच भागत होतो. कुसुम शेजारी बसून तीच चुकीची आरती पुटपुटत होती. नाना टांगेवाल्याला सांगत होते, "हमारे साहबजादे ने खुद पढ़ाया है, समझे?"

मी पुस्तक मिटलं.

एवढंच केलं. पुस्तक मिटलं.

कुसुम गणितात गेली. नाना म्हणाले, "पोरगा बिचारा घसा फोडून शिकवत होता, पोरीला डोकंच नाही!" ती देवासला गेली. माझ्या फुटलेल्या घशाची कीर्ती ऐकून गल्लीने आपली पोरं माझ्याकडे पाठवली, आणि मी जन्मभर गणिताचा मास्तर झालो. फळ्यावर ती रेघ मी इतकी लांब ओढायचो की पोरं मला 'लंबी लकीरवाले सर' म्हणत. त्यांना वाटे, सर फार काटेकोर आहेत.

परवा, दोघांचेही दात गेल्यावर, मी कुसुमला सगळं सांगितलं. टांगासुद्धा.

"रेघ चुकली होती ते मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "ताळा जमत नव्हता ना."

"मग पेपरात बरोबर का नाही लिहिलंस?"

"तू शपथ घातली होतीस."

म्हणजे आमच्या घरात गणित येणारं एकच माणूस होतं, आणि त्याची शिकवणी मी घेत होतो!