बाबा पास झाले तो सोमवार

"माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट," अकोल्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मी बी.ए. आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, हे मी जिथेतिथे सांगते, इथेही सांगते. पण ते तीन इंग्रजी शब्द कानावर पडले आणि माझं सगळं शिक्षण त्या खुर्चीवरच गोठलं.

बाबा शेजारी बसले होते. त्यांनी मला कोपर मारलं.

"काय म्हणते व बाई? मरतो का मी?"

"नाही बाबा."

"मंग तोंड काऊन पाडलं तू?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "आजोबा, आठवणं, शब्द जुळवणं, हिशेब करणं ही डोक्याची रोजची कामं. त्यात थोडी घसरण झाली आहे. माणसं-घर विसरायला लावणारा डिमेन्शिया म्हणतात, तो हा नव्हे. तुम्ही त्याच्या उंबरठ्यावर आहात. इथून काही लोक आत जातात, काही तिथेच थांबतात आणि काहींना आम्ही परत आणतो. तुम्ही कोणते, ते तपासण्या सांगतील."

"वापसच आना मले," बाबा म्हणाले. "आत काही काम नाई माह्यं."

ज्यांचे आईबाप वृद्धनिवासात आहेत त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. उंबरठ्यावरच आम्ही बाबांना पकडलं, ते कसं, हे सांगायला हवं. त्यात आमची हुशारी थोडी आणि चूक जास्त आहे.

माझे बाबा चिखलीच्या मार्केट यार्डात मापारी होते. मापारी म्हणजे शेतकऱ्याचा माल मोजून देणारा माणूस. लहानपणी पायलीने धान्य मोजलं, पुढे काटा आला, पण मोजणं तेच. त्यांना अक्षर येत नाही. दिवसभरातली चारशे पोती मात्र ते डोक्यात ठेवायचे आणि संध्याकाळी कोणाची किती हे न चुकता सांगायचे. त्या मोजण्यावर मी कॉलेजात गेले.

मापाऱ्याची एक रीत आहे. पहिलं माप टाकताना तो "एक" म्हणत नाही, "लाभ" म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. माल देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, दोघांचंही भलं व्हावं म्हणून. बाबांच्या तोंडात ते इतकं बसलं होतं की घरी भाकरी मोजतानाही "लाभ" यायचं. मी पहिलीत बोटं धरून उजळणी म्हणायचे, "एक, दोन," आणि ते मागून दुरुस्त करायचे. बाईंनी मला त्यावरून एकदा उभं केलं होतं.

आई गेल्यावर बाबा आमच्या गावी, उंद्रीला, एकटे होते. अंगणात पडून खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, वॉकर आला. मी बुलढाण्यात शाळेवर शिकवते, नवरा दुकान बघतो. आम्ही दोघांनी हात जोडले, पण लेकीच्या घरी कायमचं राहायला बाबा काही तयार होईनात. "जावयाच्या घरी चार दिस पाहुणा, पाचव्या दिशी गडी," म्हणाले. शेवटी चिखलीजवळच्या एका निवासात त्यांनी स्वतःच जागा पसंत केली, कारण तिथे खिडकीतून तुरीचं शेत दिसतं.

खोलीत सोबतीला गुलाबराव. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दोघांचंही आयुष्य मोजण्यात गेलेलं, एकाने पोती मोजली, दुसऱ्याने माणसं. भांडणाला विषय कमी पडला नाही.

मागच्या वर्षी निवासात एका संस्थेने टॅबलेट दिला. त्यात एक प्रोग्राम होता. दर सोमवारी नाश्ता झाला की प्रत्येकाने त्याच्यासमोर बसायचं. तो बोलून प्रश्न विचारायचा. पाच शब्द ऐका आणि थोड्या वेळाने सांगा. एका मिनिटात जितक्या भाज्या आठवतील तितक्या म्हणा. वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे म्हणा. उत्तर तो ऐकायचा, जपून ठेवायचा आणि शेवटी रंग दाखवायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे डॉक्टर. याला स्क्रीनिंग म्हणतात. चाळणीसारखं समजा. रोग काय आहे हे चाळणी सांगत नाही. कोणाला नीट तपासायला हवं तेवढं बाजूला काढते.

पहिल्याच सोमवारी बाबा पिवळे.

तिथली नर्स वर्षाताई, तिने घाबरून मला फोन केला. मी धावत गेले. तिने रेकॉर्डिंग लावलं. खणखणीत आवाज, बाजारभर ऐकू जाईल असा: "...चार, तीन, दोन, लाभ!"

मशीनला "एक" हवा होता. आम्ही दोघी पोट धरून हसलो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "त्या डब्ब्याले सांग, मापाले एक नसते."

"अहो काका, एकदा म्हणून टाका ना एक. हिरवं होईल."

"रंगासाठी खोटं माप देऊ का मी?"

दुसऱ्या सोमवारी पिवळा. तिसऱ्याही. मग वर्षाताईने औषधांच्या कपाटावर एक कागद चिकटवला: "मापारी काका: पिवळा आला तरी चालेल." मी स्वतः तो कागद वाचला आणि तिला शाबासकी दिली. हीच आमची चूक. पिवळ्याचं कारण सापडलं, म्हणून त्याच्यामागे दुसरं काही असेल असा विचारच आम्ही बंद केला.

मधल्या महिन्यांत बारीकसारीक दिसत होतं. कवळी शर्टाच्या खिशात सापडली. यार्डातली एकच गोष्ट बाबांनी एका भेटीत दोनदा सांगितली. तळपायाला मुंग्या येतात म्हणाले, ते आम्ही खुब्यावर ढकललं. गुलाबरावांशी भांडणं कमी झाली, तेव्हा मला वाटलं, चला, दोस्ती झाली.

आणि मग एका सोमवारी वर्षाताईचा फोन आला. "नंदाताई! काका पास झाले! हिरवा आला!"

मी शाळेतून सुटल्यावर चिखलीत उतरले, किलोभर जिलबी घेतली आणि निवासात वाटली. बाबांनी एक खाल्ली आणि मग हात मांडीवर ठेवून बसले. मी म्हटलं, "बाबा, पास झालात!" ते म्हणाले, "हाव." बस, एवढंच.

नवऱ्याला ऐकवावं म्हणून मी वर्षाताईकडे रेकॉर्डिंग मागितलं. ती लावून गेली. मी उभ्या उभ्या ऐकलं. आवाज सपाट, लांबून आल्यासारखा. "...तीन... दोन... एक."

हातातली जिलबी मी तशीच ताटात ठेवली.

सगळ्या जगासाठी ते बरोबर उत्तर होतं. पण माझ्या जन्मापासून ह्या माणसाने मोजताना "एक" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

खोलीत जाऊन मी गुलाबरावांना विचारलं. ते आधी इकडेतिकडे बघत बसले. मग कबूल झाले. "खरं सांगू का पोरी, मी त्याले इशारे करत व्हतो. कुलूप आलं का अशी चावी फिरवायची, घागर आली का डोक्यावर हात. अडकून राह्यला व्हता तो. आपला पार्टनर नापास व्हावा, बरं दिसते का?"

"आणि एक?"

"त्याच्यासाठी तं मी पह्यल्यापासून एक बोट दाखवत व्हतो. डोळे वटारायचा माह्यावर, शिव्या द्यायचा. या खेपेले दाखवलं तं मुकाट म्हणला. शिवी नाई देल्ली त्यानं. तवाच मले कसंतरी वाटलं."

तिथून चौथ्या दिवशी आम्ही अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरांसमोर होतो. सोबत टॅबलेट घेऊन वर्षाताईही आली.

मॅडमनी आधी बाबांशी गप्पा मारल्या, मग स्वतःही त्यांची परीक्षा घेतली, मग टॅबलेट हातात घेतला. आम्ही महिनोन्महिने ज्या पहिल्या पानावर थांबत होतो, ते त्यांनी सरकवलं आणि दुसरं उघडलं. तिथे एक रेघ होती. दोन शब्दांमध्ये बाबा किती वेळ थांबतात, याची दर सोमवारची नोंद. ती सात आठवडे चढत गेली होती.

"रंग फक्त उत्तर बरोबर की चूक एवढ्यावर ठरतो," मॅडम म्हणाल्या. "ही रेघ त्यांची तुलना त्यांच्याशीच करते. मशीनने पाहिलं होतं. तुम्ही पान उलटलं नाही."

वर्षाताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिचा हात धरला. त्या कागदाला शाबासकी मीच दिली होती ना?

"पण तुम्हीही काही कमी नाही पाहिलं," मॅडम मला म्हणाल्या. "हिरव्या रंगाला घाबरून माझ्याकडे आलेल्या तुम्ही पहिल्याच."

मग त्यांनी ते तीन इंग्रजी शब्द उच्चारले, जिथून मी सुरुवात केली.

तपासण्यांचे दोन दिवस गेले. रक्त काढलं. एमआरआय, म्हणजे चुंबकाच्या नळीत झोपवून काढलेला मेंदूचा फोटो. खुब्यातली सळई त्यात चालते का, हे आधी विचारून घेतलं. तुमच्या माणसाच्या अंगात काही बसवलेलं असेल तर तुम्हीही विचारा. बाहेरच्या बाकावर मी आणि वर्षाताईने शेंगदाण्याची आख्खी पुडी संपवली. मी मनात बाबांची संध्याकाळची पोती मोजत होते. ते डोकंच गेलं तर बाबांमधलं काय उरेल, हा एकच प्रश्न होता.

बाबा बाहेर आले ते कान चोळत. "भल्ली ठोकाठाक व माय! हमाल बरे या मशिनीपेक्षा."

दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आले. मॅडमनी तो कागद माझ्याकडे फिरवून एका आकड्याखाली रेघ मारली. व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह. मज्जातंतूंना लागणारं जीवनसत्त्व. बाबांचं तळाला गेलं होतं.

"गॅसची गोळी किती दिवसांपासून?"

ऑपरेशननंतर दुखण्याच्या गोळ्यांसोबत सुरू झालेली ती गोळी कोणी बंदच केली नव्हती. रोज सकाळी, उपाशीपोटी, पाच वर्षं. ती जास्त दिवस घेतली तर जेवणातलं बी-ट्वेल्व्ह अंगी लागत नाही, हे मला तिथे कळलं. त्यात बाबा दुधाला तोंड लावत नाहीत. पायाच्या मुंग्याही त्याच्याच.

"एमआरआयमध्ये वयाच्या मानाने विशेष काही नाही," मॅडम म्हणाल्या. "सगळं शंभर टक्के परत येईल असं वचन मी देत नाही. पण उशीर झालेला नाही. हेच तुम्ही दोन वर्षांनी आला असता, तर मी इतकं हसत बोलले नसते."

मी टेबलावर डोकं टेकवून रडले. बाबा मॅडमना म्हणाले, "बी.ए. हाय ती. तवा बी रडली व्हती, पास झाल्यावर."

इंजेक्शनं सुरू झाली. आठवडाभर रोज, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक. गॅसची गोळी मॅडमनी बदलून दिली. ती तुम्ही मात्र आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. दर सोमवारी वर्षाताई दुसरं पान उघडून मला फोटो पाठवायची. पहिले तीन आठवडे रेघ हललीच नाही. मी शाळेत तास घेतानाही पर्समधला फोन चाचपायचे. चौथ्या आठवड्यात ती जराशी खाली वाकली. सहाव्यात वर्षाताईने फोटोऐवजी फोनच केला: "ताई, काकांनी गुलाबरावांना शिवी दिली!" मागून गुलाबरावांचा आवाज: "दोन देल्ल्या, दोन!"

तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी शाळेला सुट्टी होती. मी सकाळीच गेले. परीक्षेच्या वेळी गुलाबरावांना आता व्हरांड्यात बसवतात. ते खिडकीच्या गजाला नाक लावून उभे. मशीनने पाच शब्द सांगितले. बाबांनी भाज्या म्हणताना अख्खा चिखलीचा बाजार पालथा घातला. मग उलटे आकडे. बाबांनी खाकरून गळा साफ केला.

वीस, एकोणीस, अठरा. पोती उतरावीत तसे आकडे पडत गेले. मी आणि वर्षाताईने एकमेकींचे हात धरले. सहा, पाच, चार, तीन, दोन...

बाबा थांबले. माझ्याकडे बघितलं. मिशीत हसले.

"लाभ!"

पडदा पिवळा झाला. खोलीत अशी ओरड झाली की स्वयंपाकघरातून बाया धावत आल्या.

जिलबी मी आणलेलीच होती. गुलाबराव ती खात खात म्हणाले, "पास झाला तवा जिलबी, नापास झाला तवा बी जिलबी. काय बे मापाऱ्या, तुह्या पोरीले बी.ए. कोनं केलं?"

"म्या केलं," बाबा म्हणाले. "मोजू मोजू केलं."

अजून कधीतरी बाबा चष्मा शोधतात आणि तो कपाळावर असतो. महिन्याचं इंजेक्शन चालू राहणार, तपासणीही. त्याचं मला काही वाटत नाही. देवाचे, मॅडमचे, वर्षाताईचे आणि त्या डब्ब्याचेही मी उपकार मानते. तुमच्या माणसाच्या निवासात असं यंत्र असेल तर ते काय विचारतं ते पाहा, पान उलटायला सांगा, आणि आपलं माणूस मुळात कसं बोलायचं ते तिथल्या लोकांना सांगून ठेवा. ते यंत्राला माहीत नसतं. तुम्हाला असतं.

निघताना औषधांच्या कपाटाकडे नजर गेली. जुना कागद वर्षाताईने काढून टाकला होता. त्या जागी तिच्याच अक्षरात नवा होता:

"मापारी काका: हिरवा आला तर नंदाताईला ताबडतोब फोन करा."