मी धुतलेली मगरीची अंडी

मला पसारा सहन होत नाही. लहानपणापासूनच. घरातले म्हणायचे, ही आलेल्या पाहुण्यांचीही धूळ झटकेल. मला ते कौतुक वाटायचं. त्या स्वच्छतेपायी चौदाव्या वर्षी मी जे करून बसले, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

भाषेप्रमाणे हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, त्याच्या पुढचा उन्हाळा. वडील, म्हणजे आमचे दादा, हैदराबादच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचं संग्रहालय सांभाळायचे. बरण्या, सांगाडे, टरफलं. घरी बोलणं मराठी, पण शिक्षण सगळं उर्दूत झालेलं, त्यामुळे लिहिणंही उर्दूतच. मराठीत सही करायची तर त्यांचा हात अडखळे. आणि सरकारनं मातृभाषा बघून त्यांची रवानगी औरंगाबादला केली, एका कचेरीत कारकून म्हणून.

हुकूम आला त्याच आठवड्यात एका ओळखीच्या कोळ्यानं मांजरा नदीच्या काठावरून मगरीची बारा ताजी अंडी आणून दिली. पिल्लू बाहेर पडलेलं टरफल ताज्या अंड्याच्या टरफलापेक्षा पातळ का असतं, हे दादांना एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. जन्मभर त्यांनी रिकामी टरफलंच पुसली होती. कचेरीत गेल्यावर अंडीही नाहीत आणि टरफलंही नाहीत. विद्यापीठातल्या साहेबांपुढे ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ करून त्यांनी अंडी फुटेपर्यंतची मुदत मिळवली.

विद्यानगरच्या भाड्याच्या घरात, परसातल्या फुटक्या रांजणात ओलसर रेती भरून त्यांनी अंडी ठेवली. आमच्या घरात कोंबडीचं अंडंही कधी आलं नव्हतं.

“आता सुसरीच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडूही मीच वळू का?” आई म्हणाली.

दादा हसले. मला जवळ बसवून भिंग दिलं, शहरातल्या कोठी भागाच्या बाजारातून जुनं घेतलेलं. “बघ बेटा. वरून चुन्याचं कवच. त्याला बारीक छेद, हवेसाठी. आत दोन पदरी झिल्ली, पातळ पापुद्रा. पिल्लू वरच्या बाजूला तिला चिकटतं. अंडं उलटलं की खलास. म्हणून हे निशाण.” प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर त्यांनी शिसपेन्सिलीनं वेडीवाकडी फुली मारली होती.

दोन आठवड्यांनी कळलं, उद्या साहेब अंडी बघायला येणार. दादा कामावर, आई दुपारची झोपलेली. अंड्यांना चिखलाचे पिवळट डाग पडले होते. परका माणूस येणार आणि हा अवतार! मी एकेक अंडं काढलं, काथ्यानं घासलं, पाण्यानं धुतलं. बारावं धुऊन झाल्यावर दिसलं की एकावरही फुली नाही.

मी अंडी परत रेतीत ठेवली आणि वर येईल त्या बाजूला माझ्या पेन्सिलीनं फुल्या मारल्या. बारा फुल्या, सगळ्या सारख्या, अगदी नीट.

संध्याकाळी दादा रांजणापाशी उकिडवे बसले ते बराच वेळ उठले नाहीत. पिल्लू जिथे चिकटतं तिथे कवचावर पांढरा डाग धरतो आणि हळूहळू पट्ट्यासारखा खाली उतरतो. तो भिंगातून शोधत त्यांनी एकेक अंडं अलगद फिरवलं. मग आईला म्हणाले, “रेती सरकली वाटतं.” माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मला काय वाटलं? वाचले, असं वाटलं. त्या एका वाटण्याची मला आजही लाज वाटते.

बारापैकी तीन फुटली. आधी आतून चिरके आवाज आले आणि दादा रेतीला कान लावून पालथे झाले. ओल्या रेतीत कवच बाहेरून झिजलं होतं, आणि पिल्लानं हाडांसाठी आतला चुना ओढून घेतला होता. ते पातळ तुकडे तळहातावर घेऊन दादा आईला दाखवत होते. आईनं चक्क हात पुढे केला. पिल्लं पुन्हा मांजरेत गेली आणि आम्ही औरंगाबादला. तिथे दादा निवृत्त होईपर्यंत मराठीत टिपणं लिहीत राहिले, शब्द लावून लावून. अंड्यांचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

ते गेल्यावर त्यांची हैदराबादची उर्दू वही माझ्याकडे आली. उर्दू मला येत नाही. पुढे हैदराबादला गेले तेव्हा कोठीतल्या एका जुन्या पुस्तकविक्रेत्याला ती वाचायला दिली. म्हातारे गृहस्थ बोट फिरवत वाचत होते. वजन, लांबी, डाग कुठवर उतरला. मग थांबले. “अम्मा, आप के वालिद बड़े ईमानदार थे. अपनी ग़लती भी लिख दी.”

“काय लिहिलंय?”

“आज मैंने अंडे धो दिए. निशान मिट गए. नौ मर जाएँ तो क़ुसूर मेरा है.” त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. “बाद में काट के नौ बनाया है. पहले बारा लिखे थे.”