काजळगढीची सून आणि सर्जेराव आण्णा

आमच्या राहू गावात सर्जेराव कोकऱ्यांनी जुळवलेली सोयरीक म्हणजे दगडावरची रेघ. आतापर्यंत एकशे त्रेचाळीस लग्नं जुळवली, हा आकडा आण्णा स्वतःच सांगायचे. त्यातली किती टिकली असं विचारलं, की म्हणायचे, "जुळवायचं काम माझं. टिकवायचं ज्याचं त्यानं बघावं." चपला विकणारासुद्धा यापेक्षा जास्त जबाबदारी घेतो. पण त्याला कुणी मांडवात फेटा बांधत नाही, आण्णांना बांधायचे.

आण्णांचे वडील मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. आण्णांनी मेंढरं विकून ऊस लावला, पण पायाची भिंगरी काही सुटली नाही. मेंढरांऐवजी ते पाहुणे हिंडवायला लागले. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या कुठल्या घरात लग्नाचा पोरगा आहे, त्याचा मामा कोण, मामाची सासुरवाडी कुठली, देवक काय, सगळं तोंडपाठ. चौकशी अशी करायचे, की पोलीस पाटलानं शिकून घ्यावी.

मी मच्छिंद्र. १९९८ पासून सात वर्षं मी राहूचा केबलवाला होतो आणि लग्नसराईत व्हिडिओ शूटिंगही करायचो. हे दोन धंदे एकाच माणसानं करू नयेत, हे मला फार उशिरा कळलं.

दोन हजार साली दौंड स्टेशनजवळची एक व्हिडिओ लायब्ररी बंद पडली. मी तिथून दोन पोती कॅसेटी उचलून आणल्या आणि माळ्यावर टाकल्या. पुढं दोन वर्षांनी केबलवर दुपारी दाखवायला काही उरलं नाही, तेव्हा पोती खाली काढून पार उपसली. आत 'काजळगढी' नावाची पंधरा-वीस वर्षांपूर्वीची मालिका होती. डोंगरावर गढी, खाली धुकं. गढीत दोनशे वर्षं न मेलेला जहागीरदार, त्याला आरशात बघायची सोय नाही. चार बायका गायब झालेल्या. पाचवी माडीवरच्या खोलीत, बाहेरून कुलूप, आणि किल्ली यमाक्का नावाच्या हडकुळ्या बाईच्या कमरेला. मी रोज दुपारी दोनला एक भाग लावायला सुरुवात केली आणि आठ दिवसांत गावातली माणसं दोनच्या आत जेवायला लागली.

आण्णांच्या ओसरीवर रंगीत टीव्ही होता. तिथं दहा-बारा जणांची बैठक भरायची. भाग अर्ध्या तासाचा आणि चर्चा दोन तासांची. गढीत काय झालं यापेक्षा, गढीत काम करणाऱ्यांनी आणखी कुठं कुठं कामं केली, यावर जास्त भांडण.

त्यातला जाणकार होता महेंद्र. तो दौंडला रेल्वेत रात्रपाळीचा क्लार्क होता आणि स्टेशनवरच्या स्टॉलवर उभ्या उभ्या सिनेमाची मासिकं वाचून काढायचा. तो सांगायचा, की जहागीरदाराचं काम करणारा माणूस आधी खताच्या जाहिरातीत होता. यमाक्का एका कुटुंबनियोजनाच्या फिल्ममध्ये दोन मुलांची हसरी आई होती. आणि गढीची सून झालेली नटी दुसऱ्या एका मालिकेत याच जहागीरदाराची सख्खी बहीण होती.

हे ऐकलं आणि आण्णांनी तंबाखूची चिमूट तशीच हातात धरली.

"बहीण? आन् हितं बायकू?"

"आण्णा, नट हायेत ते. काम असतंय."

"काम म्हणून नातं बदलतंय व्हय? एका देवकात लगीन लावलं तर दुसरं काय व्हनार? म्हनूनच तो मरंना झालाय!"

बैठकीला हे पटलं. महेंद्रनं कपाळावर हात मारला, पण दोनशे वर्षं न मरण्याचं याहून चांगलं कारण त्याच्या मासिकातही नव्हतं. त्या दिवसापासून आण्णांनी लग्नाच्या वहीत मागच्या पानांवर मालिकेची वंशावळ लिहायला घेतली. कोण कुठल्या मालिकेत कुणाचा कोण, आणि त्यामुळं या मालिकेत कुणाशी बोलायला लाजला पाहिजे. यमाक्का कुठल्याशा सिनेमात सुनेची आत्या निघाली, तेव्हा आण्णा दोन दिवस खूश होते. म्हणाले, "आता बघा, आत्या हाय. किल्ली देनारच." यमाक्कानं किल्ली दिली नाही. आण्णांनी तिचं नाव वहीतून खोडलं.

या बैठकीत एक माणूस कधी बोलायचं नाही. आण्णांची मुलगी, मोनिका. हे नाव दौंडच्या दवाखान्यात तिला पहिल्यांदा हातात घेणाऱ्या नर्सबाईचं. मोनिका दिवाळीला माहेरी आली ती परत गेली नव्हती. मांडवगण फराट्याला दिली होती. बारा एकर ऊस, ट्रॅक्टर, घराला मार्बल. ही सोयरीक आण्णांनी स्वतः जुळवलेली, एकशे एकोणिसावी. एकशे अठरा घरांची सात पिढ्यांची चौकशी करणाऱ्या माणसानं स्वतःच्या मुलीच्या वेळी ट्रॅक्टर बघितला आणि चहा पिऊन शब्द देऊन टाकला.

नवरा संशयी निघाला. शेतावर जाताना हिला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचा, फोनच्या डायलला छोटं कुलूप. हे तिनं आईला, गिताबाईंना, सांगितलं. गिताबाईंनी आण्णांना सांगितलं. आण्णा म्हणाले, "सासरी आसं थोडंफार आसतंय. पोर झालं की कड्या निघत्यात." खरी भीती वेगळी होती. सोयरीक जुळवणाऱ्याच्याच मुलीचं मोडलं, तर पुढं दारात कोण उभं राहणार? माघ संपायच्या आत तिला नांदायला पाठवायची, असं त्यांनी व्याह्यांना कळवूनही टाकलं होतं. व्याही शुक्रवारी न्यायला येणार होते.

मला तेव्हा राग यायचा आणि मी गप्प बसायचो. केबलवाल्यानं कुणाच्या घरात बोलू नये, महिन्याला बिलासाठी दार वाजवायचं असतं. हे काही चांगलं कारण नव्हे, पण माझ्याजवळ तेवढंच होतं.

गुरुवारी शेवटून दुसरा भाग लागला. सुनेचा बाप मुलीला भेटायला गढीच्या दारात आला. यमाक्का म्हणाली, सूनबाई सुखात आहेत, झोपल्यात, आपण सरबत घ्या. माडीवर सून दार बडवतेय. बाप ओठाला पेला लावतो, आणि भाग संपला.

ओसरीवर कल्ला झाला. महेंद्रचं म्हणणं, बापाचं काम करणारा दुसऱ्या एका मालिकेत न्यायाधीश होता, तेव्हा हा न्याय करणार. आण्णा मात्र उठून उभेच राहिले.

"बाप हाय का बाभळीचं खोड? पोरीला डोळ्यांनी बघितल्याबिगर सरबत नरड्याखाली उतरतंच कसं? म्या आसतो तर पेला यमाक्काच्या टकुऱ्यात घातला आसता, कुलूप तोडलं आसतं, आन् पोरीला घिऊन दिवसाढवळ्या निघालो आसतो!"

उंबऱ्यापाशी शेंगा फोडत बसलेली मोनिका पहिल्यांदाच बोलली. "आन् लोक काय म्हंतील, आण्णा? सोयरीक मोडली म्हंतील की."

आण्णांनी मागं वळूनही बघितलं नाही. नजर टीव्हीवरच. "मोडंना का सोयरीक! लोकांच्या तोंडासाठी पोरगी कुलपात ठिवायची का?"

सगळी ओसरी व्हय व्हय म्हणाली. मोनिकानं पुढची शेंग फोडली. गिताबाई चुलीपाशी होत्या, त्यांचा हात थांबलेला मला दिसला.

शुक्रवारी व्याही आले ते दोनच्या ठोक्याला. त्यांना सगळे दादा म्हणायचे. जावई जीपमध्येच बसून राहिला. आण्णांनी दादांना गादीवर, टीव्हीसमोर बसवलं. मोनिकाची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. गिताबाईंनी सरबत आणलं. आण्णा म्हणाले, "दादा, अर्धा तास बसा. आज शेवटचा भाग हाय, येवढं बघू आन् निघा." मुलीच्या पाठवणीपेक्षा गढीतली सून आधी, असा तो प्रकार होता. मी कॅसेट लावून, शेवट लोकांसोबत बघावा म्हणून आण्णांच्याच ओसरीवर येऊन बसलो होतो.

भाग सुरू झाला. बापानं पेला खाली ठेवला. वर बघितलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आण्णा ओरडले, "चढ! चढ की मर्दा!" आणि पडद्यावर खरखर झाली, मुंग्या आल्या, आणि एकदम सनई.

धुकं गेलं आणि मांडव आला. मांडवात फेटा बांधलेले आण्णा. शेजारी दादा, गळ्यात हार. मागं मुंडावळ्या बांधलेली मोनिका, रडून डोळे सुजलेले.

दोन हजारच्या मे महिन्यात मोनिकाच्या लग्नाची कॅसेट पाहुण्यांना दिल्यावर एक प्रत माझ्याजवळ ठेवायची होती. नवी कॅसेट कशाला फोडा, म्हणून पोत्यातली एक जुनी घेतली आणि ती मधेच थांबलेली होती तिथून पुढं भरली. ती कुठली होती, हे बघायची तसदी मी घेतली नव्हती. आता साऱ्या राहूत, घराघरात, गढीतल्या सुनेच्या जागी आमची मोनिका दिसत होती.

यंत्र माझ्या घरी होतं, पळत जाऊन बंद करेपर्यंत व्हायचं ते होणार होतं. पडद्यावरचे आण्णा दादांचा हात धरून कॅमेऱ्याकडं बघून हसत म्हणाले, "दादा, आता ही तुमची. आत ठिवा न्हाईतर भाईर ठिवा, आमी इचारायला येनार न्हाई!" मांडवातली माणसं खदखदून हसली. त्या हसण्यात माझाही आवाज होता, कॅमेऱ्याच्या अगदी जवळचा.

मोनिका उंबऱ्यातून पुढं आली.

"तुमी इचारायला आला होता, आण्णा. श्रावणात. आठवतंय का?"

"व्हय... आलतो. तू शेतावर गेलीस म्हनले."

"मी आतल्या खोलीत होते. तुमचा आवाज आला म्हनून दार वाजवत होते. तुमी या दादांना इचारलं, कसला आवाज हाय. हे म्हनले, उंदरं झाल्यात लई. मग तुमी चहा पिता पिता उंदराचं औषध सांगितलं. कुठल्या दुकानात मिळतं ते पन सांगितलं."

पडद्यावर सनई चालूच होती. खरं सांगतो, तेव्हा मला आण्णांची दयाही आली नाही, मी स्वतःची लाज धरून बसलो होतो.

मग आण्णा दादांकडं वळले. आवाज अगदी चौकशीचा, मुलाचा मामा कोण असं विचारावं तसा.

"दादा, खोलीला भाईरनं कडी लावता का?"

"आता आण्णा, दिवस कसले हायेत, चोऱ्यामाऱ्या..."

"कडी लावता का?"

"लावतो. म्हंजी, पोरगा लावतो."

आण्णांनी दादांच्या हातातला सरबताचा पेला काढून घेतला. टकुऱ्यात घातला नाही. नुसता काढून घेतला आणि गिताबाईंच्या हातात दिला. "पोरगी न्हाई यायची," म्हणाले. दादांनी आवाज चढवला, भावकी गोळा करू म्हणाले, तालुक्यात तोंड दाखवू देणार नाही म्हणाले. आण्णांनी दाराशी ठेवलेली पिशवी स्वतः उचलून आत नेली आणि परत येऊन ओसरीच्या कडेला उभे राहिले, जीप वळून जाईपर्यंत.

दादांनी सांगितलं ते करून दाखवलं. वर्षभर आण्णांकडं एकही सोयरीक आली नाही. मांडवात फेटा तर सोडाच, पत्रिकाही येईना. ओसरीवरची बैठकही मोडली. गिताबाई म्हणायच्या, बरं झालं, चहापावडर वाचली. मोनिकानं वरवंडला शिवणाचा क्लास लावला, पुढं तिथंच गाळा घेतला. फारकतीचा कागद व्हायला तीन वर्षं लागली. मी तिला ती कॅसेट नेऊन दिली आणि म्हणालो, "पुसून टाकू का?" ती म्हणाली, "राहू दे. पुरावा हाय."

पुढं हळूहळू लोक परत आण्णांकडं यायला लागले, कारण मुली उपवर व्हायच्या थांबत नाहीत. पण आण्णांची चौकशी बदलली होती. मामा, देवक, एकर, सगळं नंतर. घर बघायला गेले की चहाच्या आधी उठायचे आणि आतल्या प्रत्येक खोलीचं दार हलवून बघायचे, कडी आतून आहे की बाहेरून. बाहेरून असली तर चहा न घेता चप्पल घालायचे. लोक हसायचे. म्हातारा सोयरीक बघायला आलाय का सुतारकाम, म्हणायचे. काही घरांनी मात्र आण्णा येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी बाहेरच्या कड्या काढून टाकल्या, आणि माझ्या हिशेबानं एकशे त्रेचाळीस लग्नांत झालं नाही एवढं काम त्यानं झालं.

दोन हजार पाचला मी केबल विकली. त्याच सुमाराला महेंद्र एक जुनं मासिक घेऊन आला. दौंडच्या रद्दीवाल्याकडं सापडलं होतं. त्यात 'काजळगढी'चा शेवट सविस्तर छापला होता. आम्ही दोघं ते घेऊन आण्णांच्या ओसरीवर गेलो. महेंद्रनं वाचून दाखवलं. सुनेचा बाप जिन्याच्या तीन पायऱ्या चढतो. यमाक्का म्हणते, वर उंदीर फार झालेत, जाऊ नका. बाप खाली उतरतो, सरबत संपवतो, जहागीरदाराला नमस्कार करतो आणि धुक्यातून घरी जातो. माडीवरचा आवाज थांबतो. समाप्त.

महेंद्र म्हणाला, "उंदीरच लिहिलंय बघा, आण्णा. त्यांना कसं सुचलं आसंल?"

आण्णांनी तंबाखू मळली. मग विचारलं, "त्या बापाचं काम कुनी केलंवतं म्हनलास?"

"तोच. न्यायाधीश झाला होता तो."

"न्हाई रं," आण्णा म्हणाले. "तो सोयरिकी जुळवनारा आसनार."