मामांनी सांगितलेला सिनेमा

आमच्या घरमालकांचे किस्से मी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. आईचा फोन आला की ती आधी विचारते, "मामा-मामींचं काय नवीन?" माझी चौकशी त्यानंतर.

तांबरमला त्यांच्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. माझा नवरा मंदार ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात आहे. त्यांना आम्ही नुसतं मामा-मामी म्हणतो, ते मूळचे तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी आमच्यापेक्षा जुनी, आणि बोलता बोलता कधी तमिळ होते ते त्यांनाही कळत नाही. मामा एग्मोर स्टेशनवर गाड्यांच्या अनाउन्समेंट करायचे. रिटायर झाले, पण आवाज काही रिटायर झाला नाही. ते खाली देवापुढे स्तोत्र म्हणायला लागले की वर आमचा अलार्म बंद करावा लागायचा नाही, कारण लावावाच लागायचा नाही.

*

मंदारला सुपरहिरोंचं वेड. एकदा त्याने आम्हा सगळ्यांना थिएटरात नेलं. उडणाऱ्या हिरोचा सिनेमा, तमिळमध्ये डब केलेला. व्हिलन मागून येत होता आणि हिरोला पत्ता नव्हता. मामांना राहवलं नाही. "तिरुंबि पारु!" मागे बघ म्हणून ओरडले. हिरोने बघितलं नाही, पण आमच्या पुढच्या चार रांगांनी बघितलं.

मामी म्हणाल्या, "त्याला ऐकूं येत नाहीं हो." मामा म्हणाले, "माझा आवाज?"

*

पुढच्या वर्षी मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ काढली, धोका टळला. पण आवाज गेला तो परत येताना कुणा दुसऱ्याचाच होऊन आला. घोगरा, मध्येच फाटणारा. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं थोडं बोला. मामांनी घरी येऊन एक वाक्य बोलून पाहिलं, स्वतःच ऐकलं आणि तोंड मिटलं.

त्यानंतर सगळं खुणांवर. कॉफी हवी असली की टंबलर वाजवायचे. फोन वाजला की बागेत जायचे. ओळखीचं कुणी आलं की डोळे मिटून पडायचे. मामींनी सगळं करून पाहिलं. मुद्दाम भांडण काढलं, चुकीचं स्तोत्र म्हटलं. मामा नुसते हात हलवून चूक दाखवायचे.

एकदा जिन्यात मामी मला म्हणाल्या, "घरांत दोन माणसें आहेत, आणि मी एकटी बोलत्यें." एवढंच म्हणाल्या आणि वाळलेले कपडे घेऊन आत गेल्या.

*

मग त्याच सिनेमाचा डायरेक्टर्स कट आला. चार तासांचा. मंदारने रविवारी सकाळीच खाली मामांच्या मोठ्या टीव्हीवर लावायचं ठरवलं. मामींना कळेना, हा कट म्हणजे काय. मंदारने समजावलं, की आधी जे कापून टाकलं होतं ते दिग्दर्शकाने परत घातलं आहे.

"मग हें कट कसें?" मामी म्हणाल्या. "हें तर जोड."

मामा गालातल्या गालात हसले. मामींनी ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

*

अडचण एकच होती. हा लांबलेला सिनेमा फक्त इंग्रजीत होता, आणि मामींना इंग्रजी येत नाही. मंदार शेजारी बसून सांगत होता. पण त्याचं सांगणं म्हणजे, "आता हा चिडलाय. आता तो चिडलाय."

मध्ये एक नवा प्रसंग आला. हिरो घरी येतो, आई त्याला जेवायला वाढते. कुणी काही बोलत नाही. तो जेवतो, ती बघत बसते. मामी पदर हनुवटीला लावून बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "हेंच कापलें होतें? आणि मारामारी ठेवली?"

*

दुपारी मंदारला कारखान्यातून फोन आला. तिथली असेंब्ली लाइन बंद पडली होती. तो बोलत बोलत गेटपर्यंत गेला. मी मामींच्या स्वयंपाकघरात कॉफी करत होते. टीव्हीसमोरून मामींचा आवाज आला, "काय म्हणतो तो?" परत, "अहो, काय म्हणतो?"

मग एक घोगरा आवाज आला. मला वाटलं, व्हिलन आला.

"पुढें येऊं नको, म्हणतो."

मी दूध तसंच ठेवून दारात आले. मामा टीव्हीकडे बघत होते, खालची इंग्रजी अक्षरं वाचून सांगत होते. शब्द अडत होते. अडला की थांबायचे, आवंढा गिळायचे, तोच शब्द परत घ्यायचे. पडद्यावर हिरोचे म्हातारे गुरू मरायला टेकले होते.

"मी जातों, म्हणतो. तूं... तूं भिऊं नको."

मामी टीव्हीकडे बघतच नव्हत्या.

मंदार परत आला, चप्पल काढता काढता म्हणाला, "सॉरी मामी, आता मी सांगतो." मामींनी त्याच्याकडे न बघता शेजारची खुर्ची दाखवली. तो बसला.

सिनेमा संपला. काळ्या पडद्यावर नावं वर सरकायला लागली. मंदार टीव्ही बंद करायला उठला, तर मामींनी त्याचा हात धरला.

"थांब. ते वाचताहेत."

मामा वाचत होते. कॅमेरावाले, दिवेवाले, गाड्या चालवणारे, जेवण देणारे. एकही नाव न गाळता. नावं पुष्कळ होती. आम्ही कॉफीशिवाय ऐकत बसलो.