पस्तिसावे डोके

त्यांचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, सेवापुस्तकात सुवाच्य अक्षरांत नोंदलेले आहे. सेवेची वर्षे एकतीस, तीही सर्व तिसरीच्या वर्गावर. मुले, पालक, शिपाई, सर्वांच्या तोंडी मात्र त्या 'कशावरून बाई'. उत्तर बरोबर असो वा चूक, बाईंचा प्रश्न ठरलेला: कशावरून? गणिताच्या तासाला 'असेल' हा शब्द त्यांनी हद्दपार केला होता. "असेल म्हणजे पाहिलेलं नाही," असे त्या म्हणत.

सेवेच्या एकोणिसाव्या वर्षी तोच शब्द त्यांच्या मनात शिरला.

त्या दुपारी वर्ग फळांचे शीतगृह पाहायला गेला होता. खोल्या चार, प्रत्येकीतल्या तापमापकाचा आकडा वहीत टिपायचा. मुले पस्तीस, म्हणून जोड्या सतरा, आणि उरलेल्या मुलाने बाईंचा हात धरायचा, हा नियम. त्या दिवशी ती पाळी वर्गातल्या सर्वांत अबोल मुलीची होती. तिसऱ्या खोलीबाहेर कारकुनाने पाहुण्यांची वही पुढे केली आणि सहीसाठी बाईंनी तो इवलासा हात सोडला. वही मिटेपर्यंत मुले चौथ्या खोलीत शिरली होती. तीही पुढे गेली असेल, असे बाईंनी धरले.

मुले बसमध्ये बसल्यावर चालकाने डोकी मोजली. "पस्तीस! बसा बाई, सोडतो गाडी."

बाईंचा उजवा हात रिकामा होता. "कशावरून पस्तीस?"

"मोजली म्हणून! मी काय तुमच्या तिसरीत आहे?"

मुले खिदळली. बाई हसल्या नाहीत. "सगळे खाली उतरा. जोड्या करा."

"अहो बाई," सहलीसोबत आलेले हेडसर घड्याळाकडे बघत म्हणाले, "शाळा सुटायची वेळ झाली. पालक माझं डोकं खातील."

जोड्या लागल्या. एकही मूल उरले नाही.

"बाई, पस्तीस असतील तर एक उरायलाच पाहिजे," पुढच्या जोडीतली चुणचुणीत मुलगी म्हणाली.

"मग?"

"मग ड्रायव्हरमामांनी दुसरंच कुणीतरी मोजलं."

सर्वांच्या नजरा बसकडे वळल्या. पुढच्या आसनावर चालकाची स्वतःची लेक पाय हलवत बसली होती. चालकाचा चेहरा खर्रकन उतरला.

बाई धावत आत गेल्या. चारही दारांना अडसर लागले होते. आतून उघडण्याची कळ होती, पण ती मोठ्या माणसांच्या उंचीवर.

"आत कुणी नाही," कारकून म्हणाला.

"कशावरून?" या वेळी बाईंचा आवाज कापला.

"दार लावताना हाक मारली ना! कुणी ओ दिली नाही."

ती मुलगी हजेरीलाही ओ देत नसे. नुसता हात वर करी.

"एकेक दार उघडायला पाच मिनिटं जातात," कारकुनाने किल्ल्या चाचपल्या. "कोणतं आधी?"

मागोमाग आलेल्या मुलांकडे बाई वळल्या. "तिला शेवटचं कुणी, कुठे पाहिलं? 'असेल' नको."

मग एकाने मान खाली घातली. "तिसऱ्या खोलीतून निघताना तिनं मला आकडा विचारला. तिचा लिहायचा राहिला होता. मी म्हटलं, तुझा तू बघ."

"चौथ्या खोलीत तिला कुणी पाहिलं?"

कुणीच नाही.

"तिसरी उघडा."

ती पाच मिनिटे बाईंनी दारावर तळवा टेकून काढली. दार सरकले तेव्हा मुलगी उंबऱ्यालगत उभी होती; ओठ निळे, वही छातीशी घट्ट.

"बाई, चार. दोनदा बघितला."

बाईंनी अंगातला स्वेटर काढून तिच्याभोवती गुंडाळला आणि शाळेच्या फाटकापर्यंत तिचा हात सोडला नाही.

चौकशी झाली. अहवालात कारण नोंदवले गेले: 'चालकाची सदोष मोजणी.' चालकाला घरी बसवण्यात आले. बाईंनी त्या अहवालावर सही नाकारली आणि लिहून दिले: 'मोजणी नंतर झाली. हात आधी सुटला, तो मी सोडला. कृपया क्रम दुरुस्त करावा.' महिनाभराने चालक कामावर परतला. बाईंना समज देण्यात आली. ती त्यांनी पोच देऊन स्वीकारली.

अहवालातील दुरुस्ती मात्र बाई निवृत्त झाल्या तरी झालेली नाही. त्यांची तीन स्मरणपत्रे फाइलीत क्रमवार लावलेली आहेत.