टायरवाले चाचा आणि मालकाचा फोन

पडेगाव रोडवरच्या टायरवाल्या चाचांमुळं माझी नोकरी टिकली. मी गोंदियाकडचा, आठवीत शाळा सोडलेला. इथं एका खडी क्रशरवाल्या मालकाची फोर बाय फोर गाडी चालवतो.

चाचा लगेच टायर दाखवत नाहीत, आधी विचारतात. समोरचा बोलत असताना ते म्हशीची पाठ थोपटावी तसं टायर थोपटत राहतात. मालकानं मोबाईलवर पाहून खोल नक्षीचे, चिखलातले टायर आणायला सांगितलं होतं.

"गाडी जाती कुठं?"

"खदानीत. रोज."

"मग चिखल कुठं हाय बेटा तिथं? सगळा धारदार दगड. नक्षी नको बघू, कड बघ." त्यांनी माझा अंगठा दुसऱ्या टायरच्या जाड कडेवर दाबला. "ही लवकर फाटत नाय."

मला पटलं, पण नोकरी नवीन होती. भीत भीत फोन लावला तर मालक भडकले, "तुला अक्कल विचारली होती का?"

चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला. "साहेब, मी चिखलातलेच देत होतो. तुमचा ड्रायव्हरच अडून बसला, दगडात कड फाटती म्हणाला. पोरगं बरोबर बोलतंय."

फोनमधून मालकांचा आवाज आला, "बसवा त्याच्या मनासारखे."

चाचा फोन परत देऊन जॅक लावायला वाकले. खोटं बोलल्याचं चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

आता गाडीचं काहीही मालक मला विचारून करतात. चाचांची मुलगी परभणीला असते आणि एसटीत त्यांचे गुडघे आखडतात. एक दिवस मालकाकडून गाडी मागून घेईन आणि चाचांना लेकीच्या दारात नेऊन उतरवीन.