वाटणी न झालेली शुगर

आज सकाळी आमचे नाना गेले.

शुगरनं नाही, वयानं. हे आधीच लिहिते, कारण फोनवर सगळे तेच विचारताहेत.

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. शिरूर कासारकडच्या माळावर जन्मभर मेंढरांमागं चालले. त्यांना बसलेलं मी फक्त जेवताना पाहिलं, तेही उकिडवं.

माझे वडील, अप्पा, थोरले. भाऊ वेगळे निघाले तेव्हा माळ आणि मेंढरं नानांकडे गेली, घर आणि विहिरीजवळचं रान अप्पांकडे. विहीर तेवढी सामायिक राहिली.

अप्पा पुढं सरपंच झाले. सरपंचाला घरोघरी चहा. एका घरी नको म्हटलं की त्या घरची मतं गेली.

चाळिशीतच अप्पांना शुगर निघाली. नंतर पायाचा अंगठा काढावा लागला.

गाव म्हणालं, चहा पिऊन आणली. अप्पांनीही ते कबूल करून टाकलं. "माझ्या जिभेनं माझा पाय खाल्ला," म्हणायचे. पारावर जाणं बंद केलं.

नाना चेष्टेनं म्हणायचे, "वाटणीत घर अप्पाला गेलं, शुगर बी घरासंगट गेली."

मग म्हातारपणी नानांचा गुडघा गेला. मेंढरं विकली. बीडला मुलाकडे राहायला आले. खुर्ची, टीव्ही, नातवंडांची बिस्किटं.

दुसऱ्या दिवाळीच्या आत नानांना शुगर निघाली.

दवाखान्यात मी सोबत होते. डॉक्टर म्हणाले, "ही घराण्यातून येते, बाबा."

"आमी तर कवाच वेगळे निघालो की, सायेब!"

डॉक्टरांना कळेना. मला कळलं. चेष्टा नव्हती ती, नाना खरंच तसं धरून चालले होते. चूल वेगळी, तर दुखणंही वेगळं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. शुगर होण्याचा कल रक्तातून येतो. मग खाणं, वजन, बसून राहणं, याचाही भाग असतो. कुणाला चाळिशीत गाठते, कुणाला उशिरा, कुणाला कधीच नाही. "तुम्ही एवढं चाललात, म्हणून बहुतेक एवढी लांबली."

"म्हंजी इतकी वर्सं माळावर ती माझ्यासंगट हिंडत व्हती?"

"तसंच समजा."

मला वाटलं, घाबरले. बाहेर आल्यावर म्हणाले, "गाडी गावाकडं घे. अप्पाकडं."

"कामून, नाना?"

"घे म्हणलं ना, माय."

गावी पोचलो.

अप्पा बाजेवर पडलेले. नाना पायथ्याशी टेकले.

"मला बी शुगर निघाली."

अप्पा उठून बसले. "तू कुठं चहा पितो रे?"

"तेच सांगाया आलो. चहाची न्हाई ही. बापाची हाय. म्हातारा लघवीला बसला की तिथं मुंग्या लागायच्या, आठवतं का? आपुन हसायचो."

अप्पांनी अंगठ्याच्या जागेवर हात फिरवला.

"मग माझ्या चहानं काईच न्हाई केलं?"

इथं नाना खोटं बोलू शकले असते.

"चहानं उपसली आसंल. पर पाणी बापाचं. हिरीवानी सामायिक हाय ती."

अप्पा हसले. मग खांद्यावरचा गमजा डोळ्यांना लावला.

"आन् मी एकटाच लाज धरून बसलोतो."

दुसऱ्या दिवशी अप्पा पारावर गेले. नाना बीडला परत गेलेच नाहीत. रोज संध्याकाळी एक गुडघा धरून आणि एक अंगठ्यावाचून, असे दोघे विहिरीपर्यंत चालत जायचे. वाटेत भांडायचे.

मला जपून लिहायला हवं. आजोबांची शुगर कुणी तपासली नव्हती, आणि मुंग्यांवरून मी निदान करणार नाही. चालून नानांची शुगर कमी झाली, गोळी सुटली नाही. भरपूर चालणाऱ्या माणसांनाही शुगर झालेली मी पाहिली आहे.

पण एवढ्यानं थक्क होणं थांबत नाही.

एकाच बापाचं रक्त. एकाचा अंगठा घेतला. दुसऱ्याच्या मागून मेंढरासारखं गप चालत राहिलं, आणि तो थांबला तेव्हा त्याला गाठलं.

अप्पा नानांच्या आधी गेले. जाईपर्यंत पारावर जात होते.

गेल्या महिन्यात माझा रिपोर्ट आला. बॉर्डरवर.

लग्नानंतर मी भावाला हक्कसोडपत्र करून दिलं होतं. माहेरची जमीन सोडली, विहिरीतला हिस्साही सोडला.

हा हिस्सा सोडता येत नाही.

उपसा किती करायचा, तेवढं थोडंफार माझ्या हातात आहे.

नाना, माणसं तुम्हाला पोचवून आली, तेव्हा मी एकटीच विहिरीपर्यंत चालत गेले. पाणी आहे.

रामराम, नाना.